टांगायचे की बांधायचे

आमच्या घराण्यात आजवर कोणीही हातात पाना धरला नव्हता. आजोबा भिक्षुकी करीत, वडील सरकारी कचेरीत फायली बांधीत आणि मी सदतीस वर्षे बँकेत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजले. घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्यांना हाक मारायची, नळ गळू लागला तर त्याच्याखाली बादली ठेवायची आणि भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तर समोरच्या बिऱ्हाडातले दारातून दिसते, म्हणून समाधान मानायचे, ही आमची परंपरा. तेव्हा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी जुना लेंगा चढवून मोटारीखाली उताणा निजलो, त्या वेळी आमच्या मंडळींनी देवापुढे दिवा लावून ठेवला होता हे मला पुढे कळले, तरी त्याचा राग आला नाही.

मोटार म्हणजे मारुती एट हंड्रेड. हिच्या पहिल्या भगिनीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाच्या हाती पडली. आमची यायला १९९७ चा दसरा उजाडला. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, पांढरा रंग आणि आत बसल्यावर गुडघे व हनुवटी यांची बऱ्यापैकी ओळख. त्या दिवशी आईने चाकाखाली लिंबू ठेवले आणि बॉनेटवर स्वस्तिक काढले. २०१४ साली कारखान्याने हा अवतार संपविला, पण आमच्या मुलाने "बाबा, आता तरी काढा ही" असे म्हणायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. आम्ही २०१२ साली वाढविली, २०१७ साली वाढविली, आणि २०२२ च्या दसऱ्याच्या सुमारास पुन्हा निरीक्षकापुढे तिला उभी करायची होती.

त्याच वर्षी आषाढात, घराजवळच्या गतिरोधकावरून उतरताना, मागून तांब्या फरशीवरून ओढावा तसा आवाज आला. वाकून पाहतो तो सायलेन्सर एका बाजूने रस्त्याला टेकलेला. ज्या रबरी कडीने तो गाडीच्या पोटाला टांगलेला असतो ती कडी तुटून तिचे काळे टोक लोंबत होते. गाडीखालून एक नळी इंजिनाचा धूर घेऊन मागपर्यंत जाते, तिला मध्येच सायलेन्सरचे पिंप असते, आणि हा सगळा पसारा दोन-तीन अशा कड्यांवर अधांतरी लटकतो. कडीचे एक टोक गाडीच्या आकड्यात, दुसरे नळीच्या आकड्यात. बस्स, एवढेच यंत्र.

एवढे क्षुल्लक काम म्हणताच माझ्या अंगात कोणी तरी शिरले. आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची जस्ताची तार होती. तिचा हातभर तुकडा तोडला, सायलेन्सर वर उचलला, आकड्यांभोवती चार वेढे दिले आणि पक्कडीने असे करकचून पिळले, की तार टणत्कार करू लागली. मग पायाने सायलेन्सरला ढोसून पाहिले. हलेल तर शपथ! "आता बघू कशी सुटते!" असे मी सोसायटीच्या रखवालदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. घरात चहा मागताना माझ्या आवाजाला एक वेगळीच धार आली होती.

पुढचे काही आठवडे गाडी उभी असताना तिच्या तळातून एक गुणगुण येई. मागच्या बाकावर ठेवलेल्या डब्यांची झाकणे आपोआप वाजत. मी म्हटले, वय झाले बिचारीचे. माणसाचे वय झाले म्हणजे तोही बसल्या बसल्या काहीबाही पुटपुटतोच. मग त्या गुणगुणीत एक बारीक फट्‌फट् मिसळली. तिचेही मी असेच काही तरी स्पष्टीकरण दिले असेन. आता आठवत नाही.

श्रावणात आईला वाईला न्यायचे ठरले. वाई तिचे माहेर. ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आणि कृष्णेच्या घाटावर दोन मिनिटे बसायचे, एवढीच तिची मागणी. वय चौऱ्याऐंशी, पण त्या रस्त्यावर ती गप्प म्हणून बसत नाही. शिरवळ आले की अमक्याचे लग्न, खंडाळा आले की तमक्याची बैलगाडी. त्या दिवशी पाऊस असा लागला होता, की चारी काचा गच्च वर. खंबाटकीचा घाट सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढू लागली. शेजारी बसलेली ही म्हणाली, "अहो, माझं डोकं फार चढलंय." मी म्हटले, घाट आहे, आलेपाकाची वडी तोंडात धर. माझेही कपाळ जड झाले होते, पण चालक म्हटल्यावर तसे बोलून चालत नाही.

मग माझ्या लक्षात आले, की मागे आई बोलत नाही. मी विचारले, "आई, बरी आहेस ना?" ती काही वेळाने म्हणाली, "हो रे," आणि मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. मामांना जाऊन तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती.

माथ्यावर एक चहाची टपरी होती तिथे मी गाडी थांबविली. आईला दोघांनी धरून बाहेर आणले. पावसाचा सपकारा तोंडावर आला तशी ती डोळे मिटून नुसती श्वास घेत राहिली. पाव तासाने तिने चहा मागितला आणि पहिला घोट घेऊन "यात साखर आहे की पाक?" असे टपरीवाल्याला विचारले, तेव्हा माझ्या पायांत पुन्हा बळ आले.

टपरीत एक ट्रकवाला बसला होता. पन्नाशीचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्याने आमचे तिघांचे चेहरे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि विचारले, "सायेब, काचा लावून आलासा व्हय?" मी हो म्हणताच तो उठला. मला इंजिन चालू करायला सांगितले. टपरीवरचे एक ओले फडके घेऊन त्याने मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर धरले. नळीचे तोंड दाबले की धुराने अडून इंजिनाने गुदमरावे. आमचे इंजिन कसले गुदमरते! मागच्या बाकाच्या बरोबर खालून फुस्स असा आवाज आला. ट्रकवाला चिखलात वाकला आणि त्याने बोट दाखविले. सायलेन्सरच्या तोंडाशी नळीचा जोड होता, तिथे करंगळीएवढी चीर पडली होती, आणि वर माझी ती तार अजून टणत्कार करीत बसली होती.

"ही कुनी बांदली?"

"गॅरेजवाल्याने," मी म्हणालो.

वाचकहो, बँकेत सदतीस वर्षांत मी एका पैशाची अफरातफर केली नाही. पण त्या पावसात, माझी आई दहा पावलांवर बशीतून चहा पीत असताना, हे वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज गेले.

"खुळा हाय गॅरेजवाला तुमचा," तो म्हणाला. "पायपाला टांगायचं असतंय, बांदायचं नसतंय."

त्याने ती तार कापली. स्वतःच्या ट्रकमधून जुन्या ट्यूबची पट्टी काढली, तिचा दुहेरी फास केला आणि सायलेन्सर त्यात सैलसा लोंबता ठेवला. उष्णतेने ही पट्टी फार दिवस टिकायची नाही, पुण्याला गेल्यावर कंपनीचे रबर घाला, वाईत जोड वेल्डिंग करून घ्या आणि तोवर चारी काचा खाली ठेवा, असे बजावून तो चहाचे पैसेसुद्धा न घेता निघून गेला. आम्ही भिजत भिजत वाई गाठली.

वाईला डॉक्टरांना दाखविले. २०२० च्या साथीपासून घरोघर आलेले ते बोटाला लावायचे यंत्र आमच्याही पिशवीत होते. मी वाटेतच आईच्या बोटाला लावून पाहिले होते आणि आकडा चांगला अठ्ठ्याण्णव आला होता. डॉक्टर म्हणाले, या बाबतीत त्या यंत्रावर विसंबू नका, ते इथे फसते. मोटारीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. चिकटलेला वायू कोणता, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. ते आपले अठ्ठ्याण्णव म्हणून मोकळे होते. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी, भ्रम अशा क्रमाने ही स्वारी चढत जाते आणि लोक म्हणतात गाडी लागली. मी आलेपाकाची वडी दिली होती हे डॉक्टरांना सांगितले नाही.

परतताना आई म्हणाली, "माझ्या खिडकीबाहेरची तार होती ना रे ती?" मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो. तिने पुढे काही विचारले नाही.

त्या रात्री मला झोप नव्हती, म्हणून मी हे रबराचे शास्त्र उघडून बसलो. आजवर मी समजत होतो, की स्वस्तात भागावे म्हणून तिथे रबर लावतात, नाही तर चांगला लोखंडी पट्टाच ठोकला असता. प्रकार उलटा आहे. इंजिन गाडीला घट्ट जखडलेले नसते. तेही रबराच्या पायांवर बसलेले असते आणि प्रत्येक वेळी वेग दिला-काढला की मागे-पुढे डोलते. त्यातून आमचे तीन सिलिंडरांचे, ते उभ्या जागीसुद्धा फुगडी घालते. त्याला जोडलेल्या नळीला त्याच्याबरोबर डोलावेच लागते. शिवाय ती तापते. अडीच मीटर लांबीची लोखंडी नळी दोनशे अंशांनी तापली, तर सहा मिलिमीटरने लांब होते, आणि निवली की पुन्हा तेवढीच आखडते. हे रोजचे डोलणे, वाढणे, आखडणे त्या रबराच्या कड्या आपल्या अंगावर घेतात. मी तारेने एक टोक खिळवून टाकल्यावर बिचारीने जायचे कुठे? जोडापाशी ती वाकत राहिली, आणि वाकून वाकून फाटली. गुणगुण येत होती ती वयाची नव्हती. इंजिनाची थरथर तारेतून सरळ आमच्या बाकाखाली येत होती.

रबरालाही वय असतेच म्हणा. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली अमेरिकेत रबर आणि गंधक एकत्र तापविण्याची युक्ती सापडली नसती तर ते उन्हाळ्यात वितळले आणि हिवाळ्यात तडकले असते. आता या कड्यांसाठी ईपीडीएम नावाचे उष्णता सोसणारे रबर वापरतात. तरी ताणलेल्या रबराला वर्षानुवर्षे उष्णता आणि हवेतला ओझोन लागला, की ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. आमच्या तुटक्या कडीवर त्या भेगा म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांसारख्या दिसत होत्या. वर्षातून एकदा जरी वाकून पाहिले असते तरी दिसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारले. त्याने खाली वाकण्याचीही तसदी न घेता "सगळी सिस्टीम बदला, नाही तर भंगारात द्या" असा निकाल दिला. पण खरे सांगायचे तर त्याने काम फुकट करून दिले असते तरी मला ते त्याच्या हाती द्यायचे नव्हते. तार मी बांधली होती.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून आहेत. एका दुकानात मी ऐटीत म्हणालो, "एट हंड्रेडचं सायलेन्सर रबर द्या."

"टाइप वन का टाइप टू?" मालकाने वर न पाहता विचारले.

"पांढरी आहे," मी म्हणालो.

दुकानातला पोऱ्या तोंड फिरवून हसला. मग मी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली ती तुटकी कडी काढून ठेवली. मालकाने तिच्याकडे एकदा पाहिले, फळीवर हात घातला आणि दोन कड्या समोर टाकल्या. "गाडीखाली अशा किती आहेत?" "दोन," मी म्हणालो. हे मात्र मी मोजून गेलो होतो. "मग दोन्ही बदला. एक गेली म्हणजे दुसरीचं तिकीट काढलेलं असतं." पुण्यातल्या दुकानदाराने आपणहून सल्ला दिला, तोही फुकट, ही गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. दोन्ही कड्यांची किंमत त्या टपरीवरच्या आमच्या चहा-भज्यांपेक्षा कमी झाली.

तळमजल्यावरचे काका एके काळी एस. टी.च्या आगारात होते. स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी उचलून मी खाली सरकणार, एवढ्यात त्यांनी माझा पाय धरून मला मागे ओढले. "जॅक गाडी उचलायला असतो. माणूस तिच्याखाली जायला नसतो," ते म्हणाले. त्यांनी कुठून तरी दोन लोखंडी घोड्या पैदा केल्या. विटा लावू का, असे मी विचारले, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी तो विषय सोडला. वीट आधी सूचना न देता फुटते, हे त्यांनी मागाहून सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जन्मात सुचली नसती. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजूच उचलली की तो असून नसल्यासारखा. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, कारण हिची ओढणारी चाके पुढची, आणि त्या पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे. घोड्या टेकवायच्या त्या काठाच्या मजबूत पट्टीखाली. मधल्या गंजक्या पत्र्याखाली टेकविल्या तर घोडी वर आणि गाडी खाली. सगळे झाल्यावर त्यांनी गाडीला बाहेरून चांगले धक्के देऊन पाहिले आणि मगच मला आत जायची परवानगी मिळाली.

सायलेन्सर रात्रभर निवलेला होता. त्याचे वजन कड्यांवर राहू नये म्हणून खाली आधार हवा. स्वयंपाकघरातला पाट मी हळूच पळविला होता. तो बरोबर बसला. ट्यूबची पट्टी कापली. दुसरी जुनी कडी लांब स्क्रूड्रायव्हरने रेटून काढली, ती हातातच दोन तुकडे होऊन आली. म्हणजे दुकानदार खरे बोलला होता. आकड्यांवरचा गंज तारेच्या ब्रशाने घासून काढला, कारण गंजाची धार नव्या रबराला कापते. इथवर मी स्वतःवर इतका खूश होतो, की दोनदा डोके आपटूनही तक्रार केली नाही.

पण नवी कडी काही केल्या चढेना. आकड्याच्या टोकाला कडी निसटू नये म्हणून एक बोंड असते, आणि कडीचे भोक त्याहून लहान. अंगठ्याने रेटले, पक्कडीने ओढले, तोंडाने नको ते बोललो. शेवटी तेलाची बाटली मागितली. काका ओरडले, "तेल नको, खनिज तेलानं हे रबर फुगतं. साबणाचं पाणी घ्या." हिने भांड्यांचा साबण वाटीत कालवून आणला. कडी गरम पाण्यातून काढली, साबण लावला. कडी आता नुसती हातातून निसटू लागली. अर्धा तास झाला. दंड भरून आले होते आणि डोळ्यांत गंजाची भुकटी गेली होती. आई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली होती. ती मला दिसत नव्हती, फक्त तिची पावले दिसत होती.

"ओढतोयस का रे?" तिने विचारले.

"मग काय करू?" मी जरा रागानेच म्हणालो.

"वाईला आमच्या वाड्यात कासार यायचा. बांगडी तो कधी ओढायचा नाही. हाताला साबण लावायचा, एक बाजू आधी सांध्यावरून पलीकडे न्यायचा, आणि मग हात दाबून बांगडी फिरवत फिरवत दुसरी बाजू उतरवायचा. ओढली की फुटलीच."

मी कडी तिरकी धरली. बोंडावरून एक कड आधी पलीकडे नेली, तिथे अंगठ्याने दाबून धरली आणि दुसरी कड फिरवली. एक ओला आवाज झाला आणि कडी आकड्यावर जाऊन बसली. आणखी तीन आकडे होते. ते चढवायला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

पाट काढला. सायलेन्सर थोडा खाली आला, झुलला आणि थांबला. हाताने ढकलला तर जातो आणि परत येतो. तळाला लागत नाही, मागच्या दांड्याला घासत नाही. काकांनी फडके घेऊन नळीच्या तोंडावर क्षणभर धरले, आणि या वेळी इंजिन गुदमरले. वाईच्या वेल्डिंगवाल्याचा जोड पक्का होता. डिकीच्या कडेचे झिजलेले रबरही मी नंतर बदलून घेतले. गाडी पळू लागली की तिच्या मागे हवेचा दाब कमी पडतो, आणि डिकीला फट असेल तर बाहेर टाकलेला धूर तिच्यातून परत आत येतो. दसऱ्याच्या आधी निरीक्षकाने गाडी पाहिली, आवाज ऐकला आणि पाच वर्षे वाढवून दिली. मुलाला फोनवर कळविले. तो "बरं" म्हणाला.

मी खालून बाहेर आलो तेव्हा आई अजून खुर्चीवरच होती. मी तिच्यापुढे उभा राहिलो. कोपरापर्यंत काळे हात, केसांत गंज. म्हटले, "आई, ती तार मीच बांधली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला नवी आणून दे. कपडे वाळत नाहीत."

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा वाईला निघालो. कार्तिकातली सकाळ, हवेत गारठा. शिरवळला अमक्याचे लग्न झाले, खंडाळ्याला तमक्याची बैलगाडी आली. घाट लागला. गाडीच्या तळातून काही ऐकू येत नव्हते, पण मी ऐकत होतो.

"काच वर कर रे, वारा लागतोय," मागून आई म्हणाली.

मी वर केली. बोटभर फट तेवढी ठेवली.